सहाशे पन्नासावं दूध

बस डेपोच्या वेळापत्रक विभागात तिला सगळे मिनिटबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण तिला ते मनापासून आवडायचं. बारा वर्षं तिनं बेचाळीस मार्गांच्या गाड्या कागदावर पळवल्या होत्या. सात-अकराची गाडी सात-तेराला सुटली, तर ड्रायव्हरला तिच्या टेबलासमोर उभं राहून ती दोन मिनिटं कुठं गेली ते सांगावं लागे. एकानं एकदा ‘वाटेत सांडली असतील’ असं उत्तर दिलं, तर त्याला आठवडाभर पहिल्या फेरीची ड्यूटी लागली. अशा बाईला मुलगी झाली. तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेनंतर तब्बल नऊ दिवसांनी, आणि तिला टेबलासमोर उभं करून कारण विचारण्याची काही सोय नव्हती.

मुलीचं नाव अजून ठरायचं होतं. पण सगळं घर तिच्या बोलावण्याची वाट बघत दाराशी उभं असल्यासारखं असायचं, म्हणून तिच्या बाबांनी तिला मॅडम म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. बाबा एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायचे. शांत माणूस. दिवसभर दुसऱ्यांचं हसू घासून गुळगुळीत करायचं काम करून त्यांना घरी आवाज चढवायची गरजच वाटत नसे.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मिनिटबाईनं चार रंगांची पेनं काढली आणि मॅडमचं वेळापत्रक आखलं. दुधाच्या वेळा लाल, झोपेच्या निळ्या, लंगोट बदलण्याच्या हिरव्या, आणि काळ्या शाईत ‘राखीव वेळ’, म्हणजे आईला आंघोळ, जेवण आणि केस विंचरणं यासाठी मिळून रोजची दोन तास दहा मिनिटं. कागद कपाटावर चिकटवला. मॅडम निळ्या वेळेत जाग्या राहिल्या, लाल वेळेत झोपल्या आणि हिरवी वेळ त्यांनी दिवसभर आपल्या मर्जीनं वाटून टाकली. राखीव वेळेचं काय झालं ते विचारू नका. त्या आठवड्यात मिनिटबाईनं अर्धेच केस विंचरले होते आणि उरलेले अर्धे कधी विंचरायचे यावर विचार चालू होता.

वेळापत्रकाची दुसरी सुधारित आवृत्ती निघाली, मग तिसरी. चौथ्या आवृत्तीच्या वेळी वरच्या मजल्यावरची मावशी जिन्यात येऊन उभी राहिली. मावशी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली. लांब पल्ल्याचे तीन-तीन मिनिटांचे कॉल जोडण्यात उभा जन्म गेल्यामुळे ती कुणालाही सल्ला द्यायला लागली की तीन मिनिटांत आपोआप थांबायची. वाक्य अर्धं राहिलं तरी चालायचं. त्या दिवशी ती म्हणाली, “अगं, तू तिला वेळ शिकवू नकोस. तिलाच तुला शिकवू दे. तिचं पोट हेच घड्याळ. आमच्या ऑफिसात एक बाई होती, तिचं बाळ तर इतकं नेमानं…” आणि तिची तीन मिनिटं भरली. त्या नेमानं वागणाऱ्या बाळाचं पुढं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण तेवढ्यानं मिनिटबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. घरातली घड्याळं तशीही हद्दपार झाली होती. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून सासूबाईंनी खाली उतरवलं होतं. गजराचं घड्याळ रजईत गुंडाळून कपाटात कोंबलं होतं. मोबाइल वाजला की मॅडम दोन्ही हात वर करून शरण यायच्या, म्हणून तो खणात बंद करून ठेवला होता. घरात चालणारं यंत्र एकच उरलं होतं आणि ते भूक लागली की टाहो फोडायचं. मग त्याच यंत्रावर वेळ मोजायला काय हरकत होती?

तिनं एक जाड वही केली. जन्मापासूनची दुधं आठवून आठवून प्रत्येक दुधाला क्रमांक दिला. पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी अकरा दुधं भरली. म्हणजे अकरा दुधं एक दिवस, सत्त्याहत्तर दुधं एक आठवडा. हिशेब स्वच्छ होता, आणि स्वच्छ हिशेब दिसला की मिनिटबाईचा जीव भांड्यात पडायचा.

हळूहळू सगळं घरच दुधावर चालायला लागलं. “वरण दोन दुधांपूर्वी केलंय, गरम करून घ्या,” सासूबाई म्हणायच्या. बाबा प्रयोगशाळेतून सासूबाईंच्या आवाज बंद केलेल्या मोबाइलवर निरोप धाडायचे, “एक दूध उशीर होईल.” नवराबायकोचं भांडण एका दुधाला सुरू व्हायचं आणि चौथ्या दुधाला मिटायचं, कारण मधल्या वेळेत कुणाची बाजू काय होती तेच दोघं विसरायचे. एकदा मिनिटबाई म्हणाली, “तू मघाशी जे म्हणालास ना, ते मला अजिबात आवडलं नाही.” बाबांनी बराच आठवून पाहिलं आणि ते मघाशी म्हणजे नऊ दिवसांपूर्वीचं निघालं. तरी त्यांनी माफी मागितली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मिनिटबाईला पहिल्यांदाच वेळेनं फसवलं होतं. मॅडमना खांद्यावर टाकून ढेकर निघायची वाट बघत खोलीत फेऱ्या मारताना एकेक क्षण असा ताणायचा की तेवढ्यात एखादी गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यावी. आणि आठवडे मात्र कधी सरले ते कळलंच नाही. परवा-परवा मॅडमची मूठ तिच्या करंगळीभोवती पुरत नव्हती, आता पुरायला लागली होती, आणि मधल्या दिवसांत नक्की काय घडलं ते तिला सांगता येत नव्हतं. ज्या बाईनं दोन मिनिटांचा जाब मागितला, तिचे कित्येक आठवडे गहाळ होते.

तिनं सासूबाईंना विचारलं, “तुम्हालाही असंच व्हायचं?”

सासूबाई मॅडमचे कपडे घडी करत होत्या. “मला नाही बाई काही आठवत. तीन मुलं वाढवली एवढं आठवतं. कधी वाढवली ते नाही. तुझा नवरा झाला, मी त्याला पाजायला घेतलं, त्यानं तोंड पुसलं आणि कामावर निघून गेला.” मग त्या जरा थांबल्या. “आणखी थोडं थांबायला हवं होतं त्यानं.”

हे ऐकून मिनिटबाईनं रजेचे उरलेले दिवस मोजले. तिची रजा संपत आली होती. डेपोच्या नियमाप्रमाणे वाढीव तीन महिन्यांची रजा मिळत होती, पण अर्ज मुलाच्या साठाव्या दिवसापर्यंत, स्वतः हजर राहून, दुपारी एकच्या आत खिडकीवर द्यायचा. साठावा दिवस हुकला की रजा हुकली. मग पुढच्या सोमवारी टेबल, बेचाळीस मार्ग, चार पेनं, आणि घरी मॅडम दुसऱ्या कुणाच्या हातून बाटली पिणार. तिला ते तीन महिने हवे होते. इतकं काही तिनं आयुष्यात मागितलं नव्हतं.

एका सकाळी वहीत सहाशे पन्नासावं दूध चढलं. अकरानं भाग दिला, एकोणसाठ दिवस पूर्ण, बाकी एक. साठावा दिवस उजाडला होता.

“आज साठावा?” बाबा बूट घालताना म्हणाले. “मला वाटलं अजून थोडे आहेत.”

“बारा वर्षं वेळ कोण सांभाळतंय, तू का मी?”

बाबांनी दुसरा बूट चढवला. त्यांची दातांची मापं केसभर चुकत नसत, पण दिवसांच्या बाबतीत घरात मिनिटबाईचा शब्द शेवटचा होता. सोबत येऊ का, असं त्यांनी विचारलं. डेपो सात थांब्यांवर, त्यात सोबत काय करायची, म्हणून तिनं त्यांना कामावर पिटाळलं.

मग तिनं रजईतून गजराचं घड्याळ काढलं. सात वाजले होते. घरातून निघायचं वेळापत्रक तिनं रात्रीच आखून ठेवलं होतं: मॅडमचं दूध सात-दहा, आंघोळ सात-चाळीस, प्रस्थान नऊ, डेपो नऊ-सव्वीस. जवळजवळ साडेतीन तासांची राखीव वेळ हाताशी होती. एवढ्या वेळात तिनं एकदा संपाच्या दिवशी सगळ्या शहराच्या गाड्या फिरवल्या होत्या.

सात-दहाचं दूध आठ-पाचला संपलं. आंघोळ झाली, नवं झबलं चढलं आणि मॅडमनी ते लगेच खराब केलं. दुसरं चढलं. तेही गेलं. तिसऱ्याच्या वेळी मिनिटबाईची साडीही कामी आली, म्हणून तिनं सलवार-कमीज घातला, आणि तो उलटा घातलाय हे दाराशी सासूबाईंनी सांगितलं. सुलटा करेपर्यंत मॅडमना भूक लागली. पाजून होते तोवर त्या झोपल्या, आणि झोपलेल्या मॅडमना उचलायचं म्हणजे काय, ते ज्यांनी उचललंय त्यांनाच माहीत. सासू-सुना पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून खुणांनीच ठरवत बसल्या. सासूबाईंच्या खुणेचा अर्थ ‘उशीसकट उचल’ असा होता, मिनिटबाईनं ‘अजून जरा थांब’ असा घेतला, आणि त्यात वीस मिनिटं गेली.

शेवटी निघाली तेव्हा साडेअकरा झाले होते. जिन्यात मावशी उभीच. “टोपी घातलीस का? आणि दुसरी टोपी? पहिली पडली तर?” मिनिटबाईनं मान डोलावली. “आणि पिशवी डाव्या खांद्याला घे, मूल उजव्या. नाही, थांब, मूल डाव्या. आमच्या ऑफिसात एक बाई होती, तिनं पिशवी…” मिनिटबाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी तीन मिनिटं संपायची आतुरतेनं वाट बघत होती. संपताच ती धावत सुटली. कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की अर्जाची फाइल घरीच राहिली. परत गेली. मावशीची तोवर नवी तीन मिनिटं सुरू झाली होती.

बारा-दहाची गाडी अगदी वेळेवर आली. यायचीच, वेळ तिनंच लावलेली. आता तिच्या वेळापत्रकात एका प्रवाशाला चढायला चार सेकंद धरलेले असत. हा आकडा तिनं स्वतः स्टॉपवॉच घेऊन एका ठणठणीत कॉलेजकुमारावरून काढला होता. पिशवी, फाइल, छत्री, दोन टोप्या आणि मॅडम यांच्यासह पायरी चढायला तिला दोन मिनिटं वीस सेकंद लागले. ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं. तोच तो, वाटेत मिनिटं सांडणारा.

“सावकाश, मिनिटबाई,” तो अतिशय गोड आवाजात म्हणाला. “घाई कशाला? कारण मी सांगेन उद्या तुमच्या टेबलासमोर.”

तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. अपमान गिळायचा तर दोन हात मोकळे हवेत, ते नव्हते. पाचव्या थांब्यावर मॅडमनी टाहो फोडला आणि शेवटच्या बाकावरच्या एका आजोबांनी उठून तिला खिडकीची जागा दिली, शेजारणीनं ओढणीचा आडोसा धरला, कंडक्टरनं घंटी मारायची थांबवली. पाजून होईपर्यंत गाडी पाचव्या थांब्यावर उभी होती. कुणी कुरकुर केली नाही. मिनिटबाईला मात्र मागच्या सगळ्या गाड्या मनातल्या मनात एकीमागून एक खोळंबताना दिसत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या पुढं ती स्वतः बसली होती.

ती डेपोत शिरली तेव्हा रजेच्या खिडकीची फळी खाली होती. वरच्या घड्याळात एक वाजून तीन मिनिटं झाली होती.

तिनं फळी वाजवली. आतून रजा कारकुनाचा आवाज आला. “एक वाजला. उद्या.”

“घड्याळ चार मिनिटं पुढं आहे,” ती म्हणाली. “अजून एक मिनिट बाकी आहे.”

“माहीत आहे. पुढं तुम्हीच लावायला लावलंत, मिनिटबाई. लोक वेळेवर यावेत म्हणून.” डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. “आता खऱ्या वेळेनंही एक वाजलाच.”

ती बाकावर बसली आणि रडायला लागली. गेल्या बारा वर्षांत डेपोत तिच्यामुळे पुष्कळ जण रडवेले झाले होते, पण ती स्वतः कधी नाही, त्यामुळे काय करावं ते कुणालाच सुचेना. दोन ड्रायव्हर चहाचे पेले हातात धरून तसेच उभे राहिले. मॅडम टोपीतून टकाटका छताकडे बघत होत्या. सोमवारपासून ही माझ्याशिवाय मोठी होणार, एवढंच मिनिटबाईला दिसत होतं, आणि तिला स्वतःचा फार राग आला होता.

फळी वर सरकली. रजा कारकून डबा हातात घेऊनच बाहेर आला. हडकुळा माणूस, नियमाला पक्का, पण रडणं त्याला सोसत नसे, म्हणून तर त्यानं खिडकीला फळी बसवून घेतली होती.

“रडू नका हो. अर्ज दाखवा. किती दिवसांची झाली?”

“साठ. आजच साठ.” तिनं नाक पुसलं. “पण मला वाटतं कालच झाली.”

“कालची वाटत नाही, गाल बघा,” तो म्हणाला आणि जन्माचा दाखला वाचायला लागला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला आणि चमच्याच्या टोकानं चौकोन मोजू लागला. एकदा मोजले. परत मोजले. एका ड्रायव्हरला बोलावून त्याच्याकडून मोजून घेतले.

“मिनिटबाई, जन्म गेल्या महिन्याच्या तीन तारखेचा ना? आज पंचवीस. ही आज चोपन्न दिवसांची आहे.”

“शक्य नाही. मोजण्यात मी चुकत नाही.” तिनं पिशवीतून वही काढली. वही मात्र घरी राहिली नव्हती. “हे बघा. कालपर्यंतची सहाशे एकोणपन्नास भागिले अकरा.”

कारकुनानं वहीची पानं उलटली. त्याचा चमचा एका ठिकाणी थांबला. “भागाकार बरोबर आहे. पण चाळिसाव्या दिवसापासून ही अकरावर थांबलेली दिसत नाही. हे बघा, सोळा. सोळा. सतरा. ही खातीये हो नीट. तुमचे दिवस हिच्या भुकेनं पळवले.”

कारकुनानं वही मिटून परत दिली. मग चहाचा पेला धरलेला ड्रायव्हर गाड्यांच्या दिशेनं ओरडला, “अरे, इकडं या. मिनिटबाई चुकल्या. सहा दिवस लवकर आल्यात.”

माणसं जमली. बारा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आला होता, पण तो असा निघाल्यामुळे त्यांची जरा पंचाईत झाली. उशीर झाला असता तर टोमणे तयार होते. लवकर आलेल्या माणसाला काय टोमणा मारायचा, हे कुणी पाठ केलं नव्हतं. शेवटी एकानं विचारलं, “ते सहा दिवस कुठं गेले ते टेबलासमोर सांगावं लागेल का?” आणि सगळ्यात आधी मिनिटबाईच हसली. हसली म्हणजे तिला हसू आवरेचना. मॅडम छातीवर गदागदा हलल्या आणि त्यांनाही ते पसंत पडलं असावं, कारण त्या रडल्या नाहीत.

“मग घ्या अर्ज,” ती डोळे पुसत म्हणाली.

“नाही घेता येत.” कारकून खरोखरच ओशाळला. “पंचावन्नाव्या दिवसाआधी अर्ज घेता येत नाही. उद्या या. एकच्या आत.”

“उद्या एकच्या आत यायचं तर मला आत्ताच निघायला हवं.”

“मग थांबाच इथं,” तो म्हणाला आणि डबा तिच्यापुढं केला.

तिनं घास घेतला. खूप दिवसांनी ती गरम नसलेलं, पण सलग जेवत होती. खाता खाता तिच्या मनात कसलंतरी गणित घोळत होतं आणि मग ते एकदम सुटलं. चोपन्न. म्हणजे मॅडम तिला वाटत होत्या त्यापेक्षा सहा दिवसांनी लहान होत्या. ते सहा दिवस गेलेच नव्हते. ती त्यांच्यासाठी मनातल्या मनात रडूनही चुकली होती आणि ते अजून यायचे होते, पूर्ण, बिनवापरलेले. तिला आयुष्यात कुणी कधी इतकं काही दिलं नव्हतं. तिनं मॅडमचं मनगट बोटांत धरून पाहिलं. त्याला घडी पडत होती, आणि ती घडी चोपन्न दिवसांचीच होती हे आता तिला स्पष्ट दिसत होतं.

एक-चाळीसची गाडी सुटली. मॅडम झोपल्या होत्या, म्हणून ती उठली नाही. दोन-दहाची लागली. पायरीवर तोच ड्रायव्हर उभा होता. त्यानं घड्याळाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि कोणाला जाग येऊ नये म्हणून हळू आवाजात विचारलं, “चला, मिनिटबाई. येताय ना? उशीर होईल.”

“जा तुम्ही,” ती मॅडमवरून नजर न हलवता म्हणाली. “कसला उशीर? सहा दिवस लवकर आलेय मी.”